ट्रकवाल्याला तुम्ही दिसता का?

महाराष्ट्रातल्या मुस्लिम वस्त्यांचा नकाशा आणि ट्रकच्या वाटांचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर ते बऱ्याच ठिकाणी जुळतात. भिवंडीभोवती गोदामांचा पट्टा आहे. मानकोली, राजनोली, अंजूर फाटा इथे दिवसरात्र कंटेनर वळत असतात. मुंब्र्याच्या डोक्यावरून बायपास जातो आणि न्हावा-शेवा बंदरातून नाशिक-गुजरातकडे निघालेला माल त्याच वाटेने चढतो. मालेगावच्या अंगावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, छत्रपती संभाजीनगरात बीड बायपास आहे. कॉलेज, लूमवरची पाळी, डिलिव्हरीचे काम, नातेवाइकांचे लग्न, जिथे जायचे तिथे आपली मुले-मुली बाईक आणि स्कूटीवर याच रस्त्यांवरून जातात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात जवळपास ४५. मृतांपैकी दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले होते. हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांचे वय हेच आहे.

अपघात झाला की मोहल्ल्यात दोन वाक्ये ऐकू येतात. एक, ‘ट्रकवाला पिऊन चालवत होता.’ दुसरे, ‘त्याची वेळच आली होती.’ पहिले कधी कधी खरे असते. दुसऱ्याने घरच्यांना सबर करायला बळ मिळते. पण दोन्हींमुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: त्या क्षणी ट्रकवाल्याला आपला मुलगा दिसत होता का? बऱ्याच वेळा उत्तर ‘नाही’ असे असते. आणि तो का दिसत नव्हता, हे आधी शिकता येण्यासारखे असते.

केबिनमधून काय दिसते

मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंचीवर असतात. आपल्याला वाटते, एवढ्या उंचावरून त्याला सगळे दिसत असेल. लांबचे दिसते, जवळचे दिसत नाही. बंपरला खेटून कोणी स्कूटी उभी केली तर काचेच्या खालच्या कडेआड ती पूर्ण झाकली जाते. मागे हौदा किंवा कंटेनर असतो, त्यामुळे आतला आरसा निरुपयोगी ठरतो. बाजूचे आरसे आहेत, पण ते एक अरुंद पट्टीच दाखवतात.

अमेरिकेतली ट्रक-सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था लोकांना सांगते की ट्रकच्या पुढे सुमारे २० फूट आणि मागे सुमारे ३० फूट ड्रायव्हरला काही दिसत नाही असे धरून चाला. शिवाय ड्रायव्हरच्या बाजूपेक्षा पलीकडच्या बाजूचा न दिसणारा भाग बराच मोठा असतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. म्हणजे आपल्यासाठी सगळ्यात धोक्याची बाजू डावी. नेमक्या त्याच बाजूने, ट्रक आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीतून, आपल्याकडे बाईक घातली जाते.

याला आपल्या रस्त्यांची सवयही कारणीभूत आहे. जड वाहनांनी डाव्या लेनमधून चालायचे असते. प्रत्यक्षात डावी लेन रिक्षा, हातगाड्या आणि उभ्या टेम्पोंनी भरलेली असते, खड्डेही तिकडेच जास्त. म्हणून ट्रक उजव्या लेनला चिकटून चालतात आणि पुढे जायचे असेल तर बाईकवाल्याला डावीकडूनच काढावी लागते. रस्ताच त्याला न दिसणाऱ्या बाजूला ढकलतो. म्हणून दोष एकट्या पोरांना देऊन चालणार नाही. पण रस्ता सुधारेपर्यंत पोरांनी जगायचे आहे, तेव्हा आधी त्यांच्या हातातले काय ते पाहू.

पहिला नियम: ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. अशा जागी रेंगाळू नका. एकतर मागे राहा, नाहीतर मोकळी जागा पाहून उजवीकडून पूर्ण पुढे जा. सिग्नलला ट्रकच्या नाकासमोर किंवा डाव्या चाकाशेजारी थांबू नका. दोन गाड्या मागे थांबलात तर वीस सेकंद जातील, बस.

वळणारा ट्रक

नाक्यावरचे बरेच जीव वळणावर जातात. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. गाडी जितकी लांब तितका हा काप मोठा. म्हणून डावीकडे वळणारा ट्रेलर आधी थोडा उजवीकडे जातो, जागा करून घेतो आणि मग डावीकडे फिरतो. मागून येणाऱ्या बाईकवाल्याला वाटते, ट्रक उजवीकडे निघाला, डावी बाजू मोकळी झाली. तो आत घुसतो. ती मोकळी जागा पुढच्या तीन-चार सेकंदांत बंद होणार असते आणि मागची चाके तिथेच येणार असतात.

चौकाजवळ ट्रक हळू झाला, की तो वळणार असे धरून चाला, इंडिकेटर असो वा नसो. इंडिकेटरवर भरवसा ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. आपल्या महामार्गांवर ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ असाही होतो आणि ‘आता ओव्हरटेक करू नको’ असाही. डावा इंडिकेटर किंवा क्लिनरचा हललेला हात कधी ‘जा पुढे’ सांगतो, तर कधी तो ट्रक खरेच डावीकडे ढाब्यावर वळत असतो. सांगणाऱ्याच्या मनातला अर्थ आणि ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगळा असेल तर तो संदेश नसल्यात जमा आहे. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर ओव्हरटेक करू नका. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच करा.

थोडे गणित

भरलेल्या दहाचाकी ट्रकचे वजन २८ टनांच्या आसपास असते, मोठा ट्रेलर ५५ टनांपर्यंत जातो. दोघे बसलेली बाईक पाव टनाच्या थोडी वर. म्हणजे दहाचाकी ट्रक बाईकच्या शंभरपट जड. त्याला थांबवणे ही ड्रायव्हरच्या इच्छेपुरती गोष्ट नाही.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ट्रक २५ मीटर पुढे आलेला असतो. एअर ब्रेकमध्ये हवा नळ्यांमधून चाकांपर्यंत पोहोचायला आणखी अंदाजे अर्धा सेकंद लागतो, त्यात ८ मीटर गेले. त्यानंतर खरे ब्रेक लागतात आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही थांबायला ३० मीटर सहज लागतात. एकूण साठ मीटरहून जास्त. पाऊस असेल, टायर गुळगुळीत असतील, माल परवान्यापेक्षा जास्त असेल, तर हा आकडा वाढतच जातो. तुम्ही ट्रकच्या पुढे कट मारून ब्रेक दाबता तेव्हा दहा-पंधरा मीटरच्या अंतरात त्याने थांबावे अशी तुमची अपेक्षा असते. ते त्याच्याने होणारच नाही.

आता ओव्हरटेकचे गणित. ट्रेलर ताशी ५० ने चालला आहे, तुम्ही ६० ने. तुमच्या वेगातला फरक फक्त १०, म्हणजे सेकंदाला तीन मीटरही नाही. सुमारे १६ मीटरचा ट्रेलर आणि मागे-पुढे दहा-दहा मीटर सुरक्षित जागा धरली तर पूर्ण पुढे जायला तेरा सेकंद लागतात. तेरा सेकंदांत तुम्ही २१५ मीटर जाता. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरूनही कोणी ६० ने येत असेल तर तोही तेवढेच अंतर खातो. म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. वळणावर किंवा चढावर इतके कधीच दिसत नाही. शिवाय वेगात जाणाऱ्या उंच ट्रकच्या शेजारून जाताना हवेचा झोत हलकी बाईक हलवतो. डबल सीट असाल तर जास्तच.

मागे चालताना अंतर किती ठेवायचे, यासाठी मोजपट्टी लागत नाही. पुढच्या ट्रकने विजेचा एखादा खांब ओलांडला की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे म्हणा. ‘तीन’ पूर्ण होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात आणि रात्री पाचपर्यंत मोजा. मागे राहिल्याने समोरचा खड्डाही आधी दिसतो. ट्रकच्या चाकांमधून अचानक उगवलेल्या खड्ड्याने अनेकांना पाडले आहे.

उताराचे वेगळे सांगायला हवे. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ ला उतारावरून आलेल्या एका ट्रकने ४८ च्या आसपास गाड्या ठोकल्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतच्या त्या उतारावर आधीही अपघात झाले होते, नंतरही झाले. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, मग इंजिनाचा अटकावही राहत नाही. घाटात किंवा उतारावर तुमच्या मागे भरलेला ट्रक असेल तर त्याच्यापुढे चालत राहू नका. डावीकडे जागा पाहून थांबा आणि त्याला जाऊ द्या.

उभा ट्रकही मारतो

रात्री महामार्गाच्या कडेला बंद पडलेला ट्रक उभा असतो. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल, मागे त्रिकोणाऐवजी चार दगड आणि झाडाची फांदी. बाईकच्या दिव्यात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला तरी दगड रस्त्यातच राहतात आणि नंतर येणाऱ्याचा घात करतात. वाटेतला त्रास देणारा अडथळा दूर करणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. महामार्गावर त्याचा अगदी सरळ अर्थ आहे. ट्रक आपल्या घरातला कोणी चालवत असेल तर निघताना दगड उचलून बाजूला ठेवायला त्याला सांगा. आणि रात्री बाईक इतक्याच वेगाने चालवा की दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल.

बडी रात आणि ट्रकची वेळ

रमजानच्या दिवसांत मोहल्ले रात्री जागे असतात. तरावीहनंतर चहा, खाऊगल्ली, सहरीपर्यंत गप्पा. शब-ए-बारातला कब्रस्तानात आणि मशिदीत जायचे म्हणून मुले बाहेर पडतात आणि त्यातली काही जण ट्रिपल सीट, विना हेल्मेट, हायवेवर एक चक्कर मारून येतात. दरवर्षी पोलिस, मौलाना आणि मोहल्ला कमिट्या हे करू नका म्हणून आवाहन करतात.

मुलांना एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ठाणे, भिवंडी, मुंबई अशा शहरांत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ते ट्रक शहराबाहेर थांबून राहतात आणि बंदी उठली की एकदम निघतात. म्हणजे ज्या रात्री आपली मुले रस्त्यावर असतात, त्याच रात्री त्याच रस्त्यावर सगळ्यात जास्त ट्रक असतात. ड्रायव्हर दिवसभर ताटकळून थकलेला, मुले जागरणाने पेंगुळलेली, रस्ता रिकामा वाटतो म्हणून वेग वाढलेला. इबादतीच्या रात्री घरात मय्यत येण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार देशात मेले. त्यातले १४ हजारांवर मागे बसलेले होते. ट्रक अंगावरून गेला तर हेल्मेट वाचवणार नाही, हे खरे. पण धक्का लागून पडल्यावर डोके दुभाजकावर आपटते, तिथे ते वाचवते. टोपी बसत नाही, केस बिघडतात, ‘इथेच तर जायचे आहे’, ही कारणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. नववीतल्या मुलाच्या हाती चावी देणाऱ्या अब्बांना हे माहीत असायला हवे.

केबिनमधला माणूस

ट्रक चालवणारा माणूसही आपल्यातलाच असतो. ड्रायव्हर, क्लिनर, पंक्चरवाला, बॉडी बांधणारा, ब्रेकचे लायनर बदलणारा मिस्त्री, या कामांत आपल्या समाजातली हजारो माणसे आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाचे मामू, कोणाचे चाचा स्टिअरिंगवर असतील. म्हणून त्यांच्याबद्दल बोलताना ‘ट्रकवाले असेच’ म्हणून सोडून देता येत नाही.

१९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली होती. कागदावरची ही मर्यादा रस्त्यावर कुठे पोहोचली, ते कोणत्याही ढाब्यावर पहाटे विचारून पाहा. मालकाला माल वेळेत हवा, फेरीमागे पैसे मिळतात, झोपायला सुरक्षित जागा नाही. पूर्वी क्लिनर डावीकडे मान बाहेर काढून रस्ता सांगायचा. खर्च वाचवायला आता पुष्कळ गाड्यांवर क्लिनर नसतो. म्हणजे त्या डाव्या बाजूचे शेवटचे दोन डोळेही गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. चांगले झाले. पण रस्त्यावरचे जुने लाखो ट्रक मे महिन्यात भट्टीसारखेच तापणार आहेत.

मी ज्या क्षेत्रात काम करतो, तिथे वापरणारा चुकणारच असे धरून रचना करावी लागते. चुकीचे बटण दाबले म्हणून सगळा डेटा उडणार असेल तर दोष बटण दाबणाऱ्यापुरता राहत नाही, रचनाही बदलावी लागते. रस्त्याकडेही असेच पाहायला हवे. सोळा तास जागा असलेला ड्रायव्हर आणि एकोणीस वर्षांचा बाईकस्वार, दोघेही चुकणार. चूक झाली तरी जीव वाचेल अशी व्यवस्था कोणाच्या हातात आहे?

ती मालकाच्या आणि प्रशासनाच्या हातात आहे. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत माणूस शिरू नये म्हणून बाजूला गार्ड असावेत आणि मागून गाडी खाली घुसू नये म्हणून आडवा दांडा असावा, असा नियम आपल्याकडे आहे. रस्त्याने जाताना पाहा, किती गाड्यांचे गार्ड वाकलेले किंवा तुटलेले आहेत. लंडनमध्ये मोठ्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसते यावर शून्य ते पाच तारे दिले जातात आणि पुरेसे तारे नसलेल्या गाडीला वेगळी सुरक्षा साधने बसवल्याशिवाय शहरात येता येत नाही. २०२१ पासून याची अंमलबजावणी सुरू आहे. आपल्याकडे तिथपर्यंत जायला वेळ लागेल, पण गार्ड, रिफ्लेक्टर आणि चालू टेललाइट या तीन गोष्टी आरटीओला आजही तपासता येतात. गोदामांच्या पट्ट्यात ट्रक टर्मिनल, शाळेच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, नाक्यावर पायी चालणाऱ्यांसाठी थांबा, हे नगरसेवकाकडे मागता येते. मागणी लेखी असावी, जागेच्या फोटोसह असावी आणि दर महिन्याला तिचा पाठपुरावा व्हावा.

अपघात झाल्यावर

गर्दी जमते तेव्हा पहिले काम १०८ ला फोन लावण्याचे. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्यातच तशी तरतूद आहे. मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होण्याची योजना आहे. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर जखमी झाल्यास ५० हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. हे माहीत नसल्याने कितीतरी घरे अर्जच करत नाहीत.

दुसरे काम गर्दीला आवरण्याचे. ड्रायव्हरला खाली ओढून मारायचे, काचा फोडायच्या, हे आपल्याकडे सहज घडते. अपघातानंतर ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात न्यावे असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर अपवादही करते. म्हणजे ड्रायव्हर का पळतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते. भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम आले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला. त्यांचे म्हणणे हेच होते की थांबलो तर जमाव मारतो. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. पळणे चूकच आहे, कारण पहिल्या तासात मदत मिळाली तर जीव वाचू शकतो. पण तो थांबावा असे वाटत असेल तर त्याला थांबता येईल असा नाका आपणच तयार करायला हवा. जमावाचा न्याय कुठे जाऊन पोहोचतो, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही.

एक रविवार काढा

लंडनचे पोलिस सायकलस्वारांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवतात आणि तिथून काय दिसत नाही ते दाखवतात. हे करायला मोठा निधी लागत नाही. आपल्या मोहल्ल्यात ट्रक आहे, ड्रायव्हर आहे, मैदान आहे. एखाद्या रविवारी सकाळी चाचांना त्यांची गाडी मैदानात उभी करायला सांगा, इंजिन बंद, चावी खिशात. ट्रकभोवती पाच बाईक लावा: एक बंपरसमोर, दोन डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. मग आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एकेक करून ड्रायव्हरच्या जागी बसवा आणि विचारा, किती बाईक दिसतात? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळेल. न दिसणाऱ्या जागा चुन्याने आखून ठेवा म्हणजे पालकांनाही दिसतील. रमजानच्या आधीचा रविवार यासाठी सगळ्यात योग्य. तुमच्या वस्तीत हे केलेत तर आम्हाला कळवा. मैदानातले चुन्याचे पट्टे आणि मुलांनी काय पाहिले, ते आम्ही पुढच्या अंकात छापू.